चौदाचे अठरा

कर्णालीच्या डोंगरात तल्लोचौरची धावपट्टी आहे. तिच्या वरच्या टोकाला, पत्र्याच्या खोपट्यात, जसबीर रोकायाने एकोणीस वर्षं आभाळ पाहण्याची नोकरी केली. सकाळी उठून तो तीन खुणा बघे: खिंडीतलं मष्टो देवाचं देऊळ, त्याखालचं एकटं देवदार आणि पलीकडचा कडा. तिन्ही दिसल्या की खिंड उघडी. मग पांढऱ्या लाकडी पेटीतला पारा वाचायचा आणि आकडा चिठ्ठीवर लिहून खाली तिकीट कचेरीत पाठवायचा.

त्या आकड्यावर बरंच अवलंबून असे. हवा तापली की पातळ होते आणि पातळ हवेत सोळा आसनांचं विमान कमी वजन उचलतं. चार अंश वाढले की एक माणूस खाली राहतो. यादीतला शेवटचा.

खाली कचेरीत पदमराज शाही बसे. तो जसबीरचा मीत, म्हणजे मानलेला भाऊ. बाविसाव्या वर्षी दोघांनी देवळासमोर एकमेकांना टिळा लावला, टोप्या बदलल्या आणि मीत झाले. तेव्हापासून एकाने दुसऱ्याचं नाव तोंडातून काढलेलं नव्हतं. मिताचं नाव घ्यायचं नसतं. सख्ख्या भावाला अरे-तुरे चालतं, मिताला नाही. पदमराजची आई वारली तेव्हा जसबीरनेही सुतक पाळलं होतं.

त्या वर्षी कार्तिकात जसबीरची बायको जौकला हिचा उजवा डोळा काचबिंदूने गेला. डावा जायच्या वाटेवर होता. नेपाळगंजला काठमांडूहून डोळ्यांचे डॉक्टर आल्याचा निरोप आला, तीन दिवसांसाठी. जीपने तीन दिवस लागत, म्हणजे पोहोचेपर्यंत डॉक्टर परत गेलेले. विमानाने पाऊण तास.

"मितिनीच्या जागेचं मी बघतो," पदमराज जौकलाबद्दल म्हणाला. "तुम्ही फक्त आभाळ साफ ठेवा, मीतज्यू."

दोन दिवस आभाळ साफ नव्हतं. देऊळ दिसे, देवदार दिसे, कडा दिसत नसे. जौकला गाठोडं बांधून खोपट्याच्या दारात बसे.

"कडा आहेच की तिथे," ती म्हणाली. "एकोणीस वर्षं बघताय. जाणार कुठे तो?"

"दिसत नाही."

"मला तर तुम्हीपण नीट दिसत नाही. म्हणून तुम्ही नाही का?"

तो हसला, पण वायरलेसवर 'बंद' असंच सांगितलं.

तिसऱ्या, म्हणजे डॉक्टरांच्या शेवटच्या दिवशी तिन्ही खुणा दिसल्या. पारा चौदावर. त्याने चिठ्ठी पाठवली, विमान उतरलं, लोक काट्यावर चढून वजन देऊ लागले. वरून त्याला जौकलाची लाल शाल दिसत होती. थोड्या वेळाने ती शाल रांगेतून बाहेर पडली आणि हळूहळू चढण चढू लागली. तिच्या मागे दोन हमालांनी जटामांसीची पोती विमानात टाकली. विमान उडालं.

"तुम्हीच मला उतरवलंत म्हणे," जौकला धापा टाकत म्हणाली. "अठरा लिहिलेत. तुमचे मीत म्हणाले, मितिनी, माझा नाइलाज आहे. मीतज्यूंचा आकडा म्हणजे आकडा."

"मी चौदा लिहिले."

तो खाली गेला. पदमराज बाहेर पोती मोजून घेत होता. कचेरीत कोणी नव्हतं. खिळ्याला वजनाच्या कागदांचा गठ्ठा टोचलेला होता. सगळ्यात वर आजचा: तापमान अठरा, नोंद जसबीर रोकाया. खालचे कागद त्याने उलटले. पहिला बर्फ पडला त्या सकाळचे आठ लिहिले होते. त्या दिवशी त्याने तीन लिहिले होते. बोटं आखडली होती म्हणून ते लक्षात होतं. असे बरेच होते. कागदावर माणूस कमी करायचा आणि रिकाम्या झालेल्या वजनात कागदावर नसलेली पोती भरायची.

गावातल्या आजीबाई, बिर्मा बज्यै, गेली चार वर्षं त्याच्या हातचा चहा घेत नव्हत्या. म्हाताऱ्या झाल्या, चक्रम झाल्या, असं तो घरी म्हणत आला होता. त्यांचा नवरा नेपाळगंजच्या इस्पितळात वारला, तेव्हा त्या यादीत शेवटच्या होत्या आणि जसबीरच्या आकड्यामुळे खाली राहिल्या होत्या.

पदमराज आत आला. जसबीरच्या हातातला कागद त्याने पाहिला.

"मीतज्यू, मितिनीला दुसऱ्या फेरीत घातलंय. शेवटचं नाव, पण आहे. कशाला जिवाला लावून घेता?"

"माझं नाव का लिहिलंत?"

"दुसऱ्या कोणाचं लिहिलं असतं तर लोकांनी मानलं असतं का?"

जसबीर परत वर आला. ऊन पट्टीवर आलं होतं. दहानंतर वारा सुटतो, म्हणून दुसरी फेरी ती शेवटची. आता चिठ्ठी पाठवायची नाही, आकडा थेट पायलटलाच सांगायचा, असं त्याने ठरवलं. वायरलेस खरखरला. पायलटने खिंड विचारली. उघडी, जसबीर म्हणाला. तापमान?

त्याने पेटी उघडली. पारा अठरावर होता. त्याने डोळे पुसून पुन्हा पाहिलं. दारात जौकला गाठोडं मांडीवर घेऊन बसली होती.

"अठरा," तो म्हणाला. "हे खरे आहेत. सकाळी चौदा होते. ते अठरा पदमराज शाहीने केले."

वायरलेसवरचं बोलणं खालच्या कचेरीतल्या भोंग्यावर ऐकू जाई; तो हेच बोलत होता. अंगणात वजनाला उभी असलेली माणसं बोलायची थांबली. एकाने मिताचं नाव घेतलेलं त्यांच्यापैकी कोणी कधी ऐकलं नव्हतं. पदमराज दारात आला, वर खोपट्याकडे बघत उभा राहिला आणि परत आत गेला.

"आता किती आहेत?" जौकलाने विचारलं.

"अठरा."

"खरंच?"

"खरंच."

"मग ठीक," ती म्हणाली आणि गाठोड्याची गाठ घट्ट केली. "जीपचं बघा. डॉक्टर दोन-तीन दिवस जास्त थांबलेच तर."