आवक क्रमांक ६१२

अहेरीतल्या आमच्या लाकूड डेपोच्या कार्यालयात हरिदासभाऊ खोब्रागडे एकतीस वर्षं आवक-जावक सांभाळतात. आलेल्या कागदावर ‘प्राप्त’ असा शिक्का मारायचा, नोंदवहीत क्रमांक द्यायचा, मग कागद पुढे. क्रमांक पडल्याशिवाय खुद्द साहेबांनाही ते पत्र वाचू देत नाहीत. मी इथला संगणकवाला, मिथुन. भाऊंवर माझा जीव आहे, पण त्यांच्यापायी डोकंही फिरतं.

गेल्या महिन्यात कार्यालयात नवा फोन आला. कुणी उचलला नाही तर समोरच्याचा निरोप रेकॉर्ड होतो आणि संगणकावर ई-मेलसारखा उघडून ऐकता येतो. फोन संगणकाला जोडायचा मात्र राहूनच गेला होता. सोमवारी भाऊ जेवून आले, तर फोनचा लाल दिवा लुकलुकत होता आणि नंबर होता त्यांच्या लेकीचा, रोशनीचा.

रोशनीची दोन ठिकाणी निवड झाली होती. इथंच तहसिलीत लिपिक, नाहीतर भामरागडकडच्या आरोग्य केंद्रात परिचारिका. कुठं रुजू होणार, ते ती आज कळवणार होती. “लिपिकाची खुर्चीच घेईन पोरगी,” असं भाऊ आठवडाभर सगळ्यांना सांगत होते. त्यांनी उलट फोन लावला, तर ती रेंजबाहेर.

“मिथुन, जोड बाप्पा हे लवकर!”

मी ई-मेलचा प्रोग्राम उघडला. वापरकर्त्याच्या नावाच्या जागी फोनच्या निरोप-पेटीचा क्रमांक टाकायचा होता. भाऊंनी मला बाजूला सारून ‘श्री. हरिदास खोब्रागडे, वरिष्ठ लिपिक’ असं टाकलं. संगणकानं नाकारलं.

“काऊन? नाव त बरोबर हाये!”

मी पेटीचा क्रमांक टाकला. पुढे संगणकानं येणाऱ्या आणि जाणाऱ्या निरोपांचे सर्व्हर वेगवेगळे विचारले, तेव्हा कुठं भाऊ खुलले. “म्हंजे आवक-जावकच होय ना हे! मंग मले काऊन नाई विचारलं आधी?” जावक आपण नंतर भरू म्हणून मी कशीबशी त्यांची समजूत घातली.

निरोप आला. मी ऐकवायला गेलो, तर त्यांनी माझा हात धरला. “थांब. नंबर नाई पडला अजून.” आणि नोंदवहीत ६१२ लिहिलाच. मग ‘विषय’ या रकान्याशी गाडी अडली. न ऐकता विषय काय लिहिणार? मला हसू आवरेना. शेवटी रकाना कोरा ठेवून त्यांनी मान हलवली.

“बाबा, जेवनाच्या सुटीत मुद्दामच फोन केला. तुमी समोर असले की मले बोलता येत नाई. मी भामरागडले चालली. खुर्ची नाई पायजे मले. रागावू नका.”

माझं हसू कुठल्या कुठं गेलं.

भाऊंनी नोंदवही ओढली. विषय लिहिला: रोशनी. शेवटचा, निर्णयाचा रकाना साहेबांचा. एकतीस वर्षांत भाऊंनी तिथं पेन टेकवलं नव्हतं. तिथं त्यांनी ‘मान्य’ असं लिहिलं आणि खाली सही केली.

“मिथुन,” ते म्हणाले, “आता थे जावकवालं जोड.”