कोंबड्यांच्या वासाची पिकअप

बबन गेल्याचा फोन आला तेव्हा माझ्या हातात माईक होता आणि ज्याला मी जन्मात पाहिलं नव्हतं अशा एका माणसाला मी "मनमिळाऊ, हसतमुख, परोपकारी" म्हणत होतो. पारगावला नदीच्या घाटावर दशक्रिया होती. खिशात फोन थरथरला. बबनच्या मुलाचा, संदीपचा होता. पुढचा वक्ता उभा राहून हात जोडेपर्यंत मी बाजूला जाऊन तो घेतला. "काका, अण्णा गेलं," एवढंच तो बोलला. सकाळी कांद्याच्या बराखीपुढे खाटेवर बसून चहा पीत होता म्हणे, कप खाली ठेवला आणि कलंडला... मी फोन खिशात टाकला. अजून सहा भाषणं बाकी होती. मी सहाही घेतली. प्रत्येकाचं नाव, हुद्दा, त्याआधी एक चारोळी, सगळं नीट. चाळीस वर्षांचा मित्र तिकडे राजुरीत सतरंजीवर आडवा, आणि मी इकडे "यानंतर श्रद्धांजली अर्पण करतील..." असं खणखणीत आवाजात म्हणतोय. या लेखात किळस पुष्कळदा येणार आहे, म्हणून पहिल्यांदा ती कुणाची आली ते सांगून टाकलं.

आमच्या जुन्नर-आंबेगावाबाहेरच्या वाचकाला हा प्रकार समजावून सांगायला हवा. आमच्याकडे माणूस मेला की दहाव्या दिवशी घाटावर मंडप पडतो, प्रवचन होतं, पिंडाला कावळा शिवायची वाट बघतात, आणि मग भाषणं सुरू होतात. पांढऱ्या कपड्यांतले पुढारी एका सकाळी तीन-तीन दशक्रिया उरकतात. गाडीतून उतरता उतरता विचारतात, "नाव काय म्हणाला?" एकदा एका साहेबांनी मेलेल्याऐवजी पुढच्या रांगेत बसलेल्या त्याच्या थोरल्या भावालाच श्रद्धांजली वाहिली, आणि त्या गरिबानं बसल्या जागेवरून नमस्कारही केला. हा सगळा खेळ चालवणारा माणूस मी. शाळेत क्लार्क आहे, पण तालुक्यात मला ओळखतात ते माईकवाला म्हणून. स्पीकर माझे, आवाज माझा, मेलेल्याला लावायची विशेषणंही माझीच. लग्न असो, कुस्त्यांचा आखाडा असो की दशक्रिया, माणसं माझ्यामुळे हसतात आणि माझ्यामुळे रडतात, असा मला बरीच वर्षं गर्व होता.

बबन माझा पहिलीपासूनचा सोबती. राजुरीत पाच एकर, त्यात कांदा, टोमॅटो, झेंडू, आणि गोठ्यात दोन गाई. माणूस गबाळा. गालात तंबाखूची गोळी, सदऱ्याला शेणाचा वास, नखांत काळी माती. त्याच्या घरचं पाणी प्यायचं तर मी आधी तांब्यात डोकावून बघायचो. पण देवानं त्याला नाक दिलं होतं. कांदा साठवायच्या बराखीत मध्येच एखादा कांदा सडला तर त्याचं पाणी खालच्यांना लागतं आणि बघता बघता अख्खा कप्पा हातचा जातो. वरून मात्र काही दिसत नाही. अशा वेळी लोक बबनला बोलावून न्यायचे. तो बाहेरून जाळीला नाक लावत चालायचा, एका जागी थांबायचा आणि म्हणायचा, "हितं. कमरंएवढं खाली." लोक उकरायचे आणि बरोबर तिथून तो काळा, बुळबुळीत, पाणी गळणारा ऐवज बाहेर यायचा. मी नाकाला रुमाल लावून लांब पळायचो आणि बबन तो तळहातावर घेऊन माझ्यामागे यायचा. "घे की इलास! तुझ्या सायबावानीच हाय, वरनं पांढरा!"

नऊ वर्षांपूर्वी बबनला पिकअप घ्यायची होती. माल बाजाराला न्यायला दुसऱ्याची गाडी सांगून तो कंटाळला होता. नवी कोरी नको, वापरलेली बघू म्हणाला, म्हणून आम्ही दोघं आळेफाट्याला एका शेठच्या आवारात गेलो. सल्लागार अर्थातच मी. कडक इस्त्री, गॉगल, हातात विनाकारण एक फाईल. शेठनं दोन गाड्या दाखवल्या. एक दोन वर्षांची, पांढरीशुभ्र, सीटवर अजून प्लॅस्टिक, आरशाला मोगऱ्याच्या वासाची बाटली. दुसरी अकरा वर्षांची. रंग उडालेला, काण्या माणसासारखा एक दिवा गेलेला, आणि तिचा सगळा जन्म पोल्ट्रीच्या कोंबड्या वाहण्यात गेलेला. फळ्यांच्या फटींत पिसं, कोपऱ्यात वाळून दगड झालेली विष्ठा, आणि वास... तो वास मी लिहून दाखवू शकत नाही. वाचकांनी पावसाळ्यातलं पोल्ट्रीचं शेड आठवावं, त्यात ओला खुराक घालावा आणि दार लावून घ्यावं. मी दहा पावलांवरूनच निकाल दिला, "पांढरी!"

बबननं पांढरीचं दार उघडलं. मोगऱ्याची बाटली काढून शेठच्या हातात दिली, पायाखालची चटई उचलली आणि गुडघे टेकून, डोकं खाली घालून, पार आत नाक नेलं. आवारातली माणसं हसायला लागली. शेठ म्हणाला, "पावणं, गाडी घेताय का म्हस?" बबन शांतपणे उठला. "हिच्यात पाणी शिरल्यालं हाय. पुरातली हाय ही. अत्तराखाली गाळाचा वास येतुय." मग तो कोंबड्यांच्या गाडीकडे गेला. बॉनेट उघडलं, इंजिन चालू करून कान दिला, पान्यानं दोन बोल्ट हलवून बघितले, आतही बसला. "हीच घेतो," म्हणाला. मला शिसारी आली. मी म्हणालो, "अरे, माणसात राहतोस का खुराड्यात?" तो म्हणाला, "घाण हाय, पण समोर हाय ना! कोंबडीचीच हाय. लपिवली न्हाई कुणी."

चारचौघांत माझा सल्ला असा उडवून लावलेला मला सहन झाला नाही. मला स्पीकरचे खोके न्यायला गाडी हवीच होती. मी छाती काढून म्हणालो, "शेठ, पांढरी माझी!" आणि तिथल्या तिथं इसार दिला. बबन फक्त एकदा म्हणाला, "नको, इलास."

पुढचं पाप मी माईकवर केलं. महिनाभरात राजुरीतच एका लग्नात मी सांगितलं, "आमच्या बबनरावांनी गाडी घेतली तीसुद्धा कोंबड्यांची! वास फुकटात मिळाला म्हणून घेतला, त्याचे पैसे पडले असते तर तोही शेठकडंच ठेवला असता!" मांडव हसून लोळला. बबन पंगतीत वाढत होता, तोही हसला. मला माझाच विनोद एवढा आवडला की पुढे प्रत्येक लग्नात मी तो घेतला. दर वेळी थोडं मीठ-मसाला वाढवून. बबन चिंगूस, अशी त्याची ख्याती तालुकाभर झाली. त्याच्या चिंगूसपणाची दुसरी एकही गोष्ट कुणाला माहीत नव्हती. होती ती ही एकच, माझी.

माझ्या पांढऱ्या राणीनं सहा महिन्यांत रंग दाखवले. दिवे आपोआप लागायचे, वायपर भर उन्हात फिरायचे. एका दशक्रियेला मी "दोन मिनिटं स्तब्ध उभे राहून..." म्हणालो, चारशे माणसं मान खाली घालून उभी राहिली, आणि घाटाच्या कडेला उभी असलेली माझी पिकअप एकटीच ठणाणा हॉर्न वाजवायला लागली. थांबेचना. बबन गर्दीतून निघाला, बॉनेट उघडून त्यानं बॅटरीची वायर काढली आणि माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "तिला बी चार शब्द बोलायचं व्हतं." त्यानंतर थोड्याच दिवसांत मी पुढच्या सीटवर एक स्पीकर ठेवला आणि तो पडू नये म्हणून सीटचा पट्टा त्याच्याभोवती घ्यायला ओढला. आमच्याकडे पट्टा कोण पुरा ओढतो? फाट्यावर पोलीस दिसला की नुसता खांद्यावर टाकायचा. त्या दिवशी तो पहिल्यांदाच शेवटपर्यंत बाहेर आला. शेवटचा हातभर भाग चिखलानं तांबडा झाला होता. गाळाची पापडी माझ्या बोटांना लागली आणि मोगऱ्याच्या मागून तो कुबट वास आला, जो बबनला पहिल्या मिनिटाला आला होता.

तेव्हा मी काय करायला हवं होतं हे कुणीही सांगेल. मी पट्टा परत आत सोडला, मोगऱ्याची नवी बाटली टांगली आणि गाळाचं काही न सांगता त्याच शेठला गाडी विकून टाकली. बबननं विचारलं तेव्हा मी मोठ्या रुबाबात सांगितलं, कसा शेठला गुंडाळला ते. तो म्हणाला, "शेठ काय ती घरात ठिवणार हाय का? जो घेईल त्याला कोण सांगणार?" मी म्हणालो, "मला कुणी सांगितलं होतं?" बोललो आणि लगेच जीभ चावली, कारण ज्यानं सांगितलं होतं तोच समोर उभा होता. सडक्या कांद्यासमोर सगळं गाव नाक मुरडायचं, पण बबन कधीच नाही. त्या दिवशी त्यानं नाक मुरडलं, माझ्यासमोर. "मी तंबाखू थुकतो इलास, पर रस्त्याच्या कडंला थुकतो. कुणाच्या दारात न्हाई," एवढं बोलून गेला. महिनाभर माझ्या दारावरून गेला, थांबला नाही.

मग एका सकाळी बाहेर हॉर्न वाजला. "चल, स्पीकर टाक मागं." त्यानंतर इतकी वर्षं माझे खोके त्या कोंबड्यांच्या गाडीतूनच फिरले. केबिनमध्ये सतरा घाणी. डॅशबोर्डवर चुन्याची डबी, पायाखाली ठेचलेला टोमॅटो, आणि पहिल्या दिवशीचा तो वास फिनेलला पुरून उरलेला. माझ्या बाजूची काच खाली घ्यायचा दांडा तुटलेला होता. मी बसल्या बसल्या नाक दाबून हात पुढे करायचो आणि बबन सीटखालून पक्कड काढून माझ्या हातात ठेवायचा. पकडीनं खुंटी फिरवून काच खाली घेतली की मी डोकं बाहेर काढून श्वास घ्यायचो. तो हसायचा. गाडी रस्त्यात कधी बंद पडली तर एक पाना आणि तारेचा तुकडा, एवढ्यावर तो ती चालू करायचा. पांढरीचं खरं काय ते त्यानं कुणालाच सांगितलं नाही. बायकोलाही नाही, पोरालाही नाही. आणि मी माझा विनोद चालूच ठेवला.

बबनच्या दशक्रियेच्या दोन दिवस आधी संदीप मला म्हणाला, "तेरावं झालं की गाडी भंगारात घालतो, काका. ती बघितली की लोकान्ला अण्णाचं दुसरं काय आठवतच न्हाई. चिंगूस, एवढंच." मी मान हलवली.

दशक्रियेला गर्दी झाली. एक साहेब गाडीतून उतरले, मी चिठ्ठीवर नाव लिहून दिलं. त्यांनी माईक घेतला आणि माझ्या देखत माझाच विनोद सांगितला! "कैलासवासी बबनराव म्हणजे काटकसरीचा आदर्श. नवी गाडी परवडत असताना कोंबड्यांची गाडी घेतली, वाससुद्धा वाया घालवला नाही!" खुर्च्या हसल्या. घाटाच्या पायरीवर संदीप ओल्या धोतरात, मुंडण केलेला, बसला होता. त्यानं साहेबांकडे बघितलं नाही, माझ्याकडे बघितलं. इतकी वर्षं मी लोकांच्या कानात काय ओतत होतो ते मला तेव्हा दिसलं, आणि खरंच ओकारी आली.

माईक परत माझ्याकडे आला. साहेबांचे आभार मानायचे होते. मी ते मानले नाहीत. चारोळी नाही, विशेषणं नाहीत, आवाजही नेहमीचा लागला नाही. पांढरी गाडी, अत्तर, पट्ट्यावरचा गाळ, सगळं सांगितलं. ती मी जाणूनबुजून परत कशी दिली तेही सांगितलं. म्हणालो, "बबननं स्वस्त म्हणून जुनी घेतली नाही. त्याला पुरातली ओळखता आली म्हणून घेतली. चिंगूसपणाची गोष्ट माझी आहे, खोटी आहे." साहेबांनी घड्याळ बघितलं, त्यांना पुढच्या घाटावर जायचं होतं. मागच्या दोन रांगा त्यांच्याबरोबर उठल्या. मंडपवाला स्पीकरची वायर गुंडाळताना म्हणाला, "सर, आज काय रंगलं न्हाई राव."

परवा सकाळी माझ्या दाराबाहेर हॉर्न वाजला. तोच, किंचित घोगरा. संदीप गाडीत बसला होता, मागे झेंडूचे क्रेट. "भंगारवाला आलता," तो समोर बघत म्हणाला, "परत धाडला." मी चढलो. गाडी फाट्याच्या रस्त्याला लागली. मग म्हणाला, "काका, हे तुमी आदी सांगितलं असतं ना, तर मी कॉलेजच्या अलीकडंच या गाडीतनं उतरून चालत गेलो नसतो. रोज चालायचो. अण्णाला वाटायचं मला व्यायामाची आवड हाय."

गाडीत तोच वास होता. कोंबड्या, चुना, ठेचलेला टोमॅटो. नेहमीसारखंच मी नाक दाबलं. सवयीनं माझा हात पुढे गेला आणि संदीपनं, बापासारखंच न बघता, सीटखालून पक्कड काढून माझ्या हातात ठेवली. काच आधीच अर्धी खाली होती. बाहेरचा वारा आत येत होता आणि वास थोडा थोडा उडून चालला होता... मी पक्कड खुंटीला लावली आणि काच वर घेतली. पार वरपर्यंत.