करकजमीदची सोयरीक

करकच्या किल्ल्याखाली, जिथं वाऱ्याला दिवसभर दुसरं काम नसतं म्हणून तो दुकानांच्या पाट्या वाजवत बसतो, त्या उतारावर दैफल्लाचं दुकान होतं. त्याच्या बापानं तिथं सातू विकला होता. बापाच्या बापानंही सातूच विकला होता. दैफल्ला नावं विकायचा.

तसा तो लष्करातला माणूस. उभी हयात वाळवंटात वायरलेसपाशी बसून काढलेली. करकचा माणूस निवृत्त झाला की मेंढ्या घेतो, नाहीतर टॅक्सी घेतो. दैफल्लानं कंप्युटर घेतला, आणि बापाच्या सातूच्या कोठ्या रिकाम्या करून तिथं एक टेबल मांडलं. इंटरनेटवर पेढीला लागणारी पत्त्याची नावं, ज्यांना डोमेन म्हणतात, ती स्वस्तात नोंदवून ठेवायची, आणि ज्या पेढीला ते नाव हवं असेल तिला महागात विकायची, असा त्याचा धंदा. निदान पाटीवर तरी तसं लिहिलेलं होतं.

त्याचे थोरले चुलते हाजी मिस्लेह, घराण्यातले सर्वांत वडीलधारे, एकदा मुद्दाम चौकशीला आले होते.

"काय विकतोस म्हणे?"

"नावं, काका."

"कुणाची?"

"अजून कुणाची नाहीत. ज्याला हवी असतील त्याची."

मिस्लेहकाकांनी जपमाळेचे मणी थांबवले. "म्हणजे न जन्मलेल्या पोरांची नावं तू आधीच अडवून बसायचं, आणि बाप दारात आला की त्याच्याकडून पैसे काढायचे?"

दैफल्लानं विचार केला. धंद्याचं इतकं नेमकं वर्णन त्याला स्वतःलाही कधी जमलं नव्हतं. "तसंच काहीसं," तो म्हणाला.

"तौबा कर," काका म्हणाले, आणि चहा न घेता उठले.

दैफल्लाची नजर लांबची होती, हे मात्र कबूल करायला हवं. सरकारनं घोषणा केली की करकपर्यंत रेल्वे येणार, त्या दुपारीच त्यानं रेल्वेचं नाव घेऊन टाकलं. मंत्री म्हणाला, मृत समुद्राकाठी नवं शहर वसणार; दैफल्लानं शहराचं नाव घेतलं. घोषणा वाऱ्यावर विरून जायच्या, मंत्री बदलायचे, पण नाव दैफल्लापाशी राहायचं. साऱ्या राज्यात सरकारच्या शब्दावर विश्वास ठेवणारा तो एकटाच माणूस उरला होता, आणि त्या विश्वासाचं भाडं तो दरवर्षी भरत होता.

हे भाडं फिद्दाला सलायचं. फिद्दा त्याची बायको. थोरल्या मुलाच्या नावावरून गाव तिला उम्म लैथ म्हणे आणि त्याला अबू लैथ.

"मेंढी खाते, पण दूध तरी देते," ती म्हणायची. "तुमची नावं नुसतीच खातात."

"भाव येईल तेव्हा कळेल तुला."

"भाव यायला आधी गिऱ्हाईक यावं लागतं, अबू लैथ. या दुकानात येतो तो पोस्टाचा माणूस, आणि तोही पत्ता विचारायला."

त्या वर्षी तिनं मिस्लेहकाकांच्या देखत सांगून टाकलं: बकरी ईदपर्यंत एक तरी नाव कुणी रोख पैसे देऊन घेतलं पाहिजे. नाहीतर कंप्युटर घरी आणि दुकानात सातू. काकांनी दाढीला हात लावून साक्ष दिली. करकमध्ये दाढीला हात लागला की कागदाची गरज राहत नाही. दैफल्लाला पैशाची एवढी काळजी नव्हती, पेन्शन होती. पण नाव विकणं हा धंदा आहे, खुळ नव्हे, एवढं मान्य करणारा एक माणूस त्याला या दारात हवा होता.

आणि तो माणूस वसंतात सापडला.

अम्मानच्या एका कंपनीनं जमीद पाकिटात घालून विकायला सुरुवात केली होती. जमीद म्हणजे मेंढीच्या दह्याचे उन्हात दगडासारखे वाळवलेले गोळे. ते विरघळवल्याशिवाय मनसफ, म्हणजे मटणभाताचं मानाचं जेवण, होत नाही, आणि मनसफ नसेल तर करकमध्ये लग्न लागत नाही आणि मेलेला माणूस नीट मेला असं धरत नाहीत. कंपनीचं जमीद मात्र पिठासारखा भुगा होता. पाकिटावर करकचा किल्ला छापलेला होता. दूध कोणत्या देशातल्या मेंढ्यांचं, ते मेंढ्यांनाच ठाऊक. परदेशातल्या गिऱ्हाइकांसाठी त्यांना इंटरनेटवर करकजमीद डॉट कॉम हे नाव हवं होतं. ते दैफल्लाच्या कोठीत होतं.

कंपनीचे मालक रुश्दी यांनी पत्र धाडलं: तीनशे दिनार. दैफल्लानं उत्तर दिलं नाही. घाईनं उत्तर देणारा विकणारा गरजू दिसतो, हे तो या धंद्यात शिकला होता. एवढंच शिकला होता, पण ते पक्कं शिकला होता. मग फोन आला.

"अबू लैथ, पत्र मिळालं ना? तीनशे."

"ऐकलं."

"मग?"

"ऐकलं म्हणालो ना."

पुढं बराच वेळ फोनवर फक्त करकचा वारा होता.

"आहात का?"

"आहे."

"बरं, हजार."

"ऐकलं."

रुश्दीसाहेब असे एकट्यानंच चढत चढत अडीच हजारांवर आले, आणि मग त्यांना दम लागला. "तुमचा आकडा तरी सांगा, देवाच्यानं."

"चाळीस हजार."

"चाळीस हजारांत करकमध्ये जमीन येते."

"येते. पण जमिनीचा पत्ता विचारायला अमेरिकेतून कुणी येत नाही."

दैफल्लानं फोन ठेवला. अडीच हजारांवर त्याचं मन केव्हाच बसलं होतं. पण धंद्याचा नियम मोडायला तो तयार नव्हता. आठवडे गेले. अम्मानहून फोन येईना. ईद जवळ आली. फिद्दानं सातूच्या व्यापाऱ्याला निरोप धाडला.

तिकडं काय शिजत होतं ते नंतर कळलं. रुश्दींच्या कंपनीत घालिब पाशा नावाचे एक गृहस्थ शोभेला ठेवलेले होते. पूर्वी सेनापती, मग एक हिवाळा मंत्री. रुश्दींचं रडगाणं ऐकून ते म्हणाले, "करकच्या माणसाशी फोनवर भाव करतोस? त्यानं फोनवर उभ्या आयुष्यात शत्रूशीसुद्धा तह केला नाही. जाहा ने."

जाहा म्हणजे चार मातब्बरांनी झगे चढवून एखाद्याच्या दारात जायचं आणि मागायचं. मुलगी मागायला जाहा जाते, खुनाची माफी मागायला जाते. यजमान कॉफी देतो. पाहुण्यांचा पुढारी पेला समोर ठेवतो आणि ओठांना लावत नाही. मागणं मान्य झालं, "कॉफी प्या" असं घरचा माणूस म्हणाला, की मगच प्यायची. दारातून जाहा कॉफी न पिता परत गेली, तर त्या घराची तोंडं पुढं तीन पिढ्या काळी.

आधी निरोप आला, आणि शुक्रवारच्या नमाजानंतर काळ्या मोटारींची रांग उतारावर लागली. तपकिरी झगे उतरले, सोनेरी काठ उन्हात चमकले. दैफल्ला दारात उभा राहून पाहत होता. नाव मागायला माजी मंत्री दारात. धंदा म्हणजे आणखी काय असतो?

फिद्दानं आतल्या दारातून त्याची बाही ओढली. "काकांना बोलू देऊ नका."

"वडीलधाऱ्यानं बोलायचं, ही रीत आहे."

"रीत आहे म्हणूनच सांगतेय."

पण मिस्लेहकाका केव्हाच येऊन मधल्या गादीवर बसले होते. झगा नवा होता, मिशीला तेल होतं, आणि मोटारी मोजताना त्यांच्या चेहऱ्यावर जे तेज आलं होतं ते हजहून परततानाही नव्हतं.

कॉफी फिरली. पाशांनी पेला समोर ठेवला.

"आमच्या घरी एक तरुण धंदा वाढतोय," पाशा म्हणाले. आवाज तोफखान्यातला, पण मखमलीत गुंडाळलेला. "शीलवान आहे, मेहनती आहे. त्याच्यासाठी तुमच्या घरची कन्या मागायला आलो आहोत. करकजमीद तिचं नाव. तिनं आमच्या घरी यावं, आमचं घर उजळावं."

रुश्दींनी मान खाली घातली होती. लाजरा नवरदेव जशी घालतो तशी.

सगळे मिस्लेहकाकांकडे वळले. दैफल्ला गप्प होता. धंद्याचा नियम सांगत होता की गप्प राहा, रीतही सांगत होती की गप्प राहा. दोन्ही नियम एकाच वेळी पाळायला मिळाल्याचं त्याला समाधान वाटत होतं. ते फार टिकलं नाही.

काका उठून उभे राहिले. "आमच्या लेकरानं चाळीस हजार मागितले," ते म्हणाले. "मागितले ते योग्यच. त्यातले दहा हजार आम्ही अल्लाहसाठी सोडले."

झग्यांतून पसंतीची कुजबुज उठली.

"दहा हजार पैगंबरांसाठी सोडले."

कुजबुज वाढली. कुणीतरी "वाह रे घराणं" म्हणालं.

"दहा हजार पाशांच्या पायांसाठी, जे आमच्या उंबऱ्याला लागले."

पाशांनी छातीवर हात ठेवला. दैफल्लानं हिशेब केला. दहा हजार उरले होते. दहा हजारही पुष्कळ होते. इथं थांबा काका, तो मनात म्हणत होता. पण मिस्लेहकाकांना आयुष्यात इतकं मोठं श्रोतृमंडळ लाभलं नव्हतं. शिवाय त्यांच्या मते हे सारं हवेचंच होतं, आणि हवा वाटताना माणसाचा हात आखडत नाही.

"आणि उरलेले दहा," काका झग्याचा काठ सावरत म्हणाले, "आमच्या घराण्याच्या अब्रूसाठी. नाव तुमचं. कॉफी प्या, पाशा."

दैफल्लाच्या डोळ्यांपुढं दुकान सातूनं भरू लागलं. पोती रचली जात होती, टेबल दिसेनासं होत होतं. पाशांनी पेल्याला हात घातला.

"पाशा, पेला जरा ठेवा," आतल्या दारातून आवाज आला.

हात थबकला.

"खेडवळ बाई आहे, रीत विसरले असेन," फिद्दा म्हणाली. ती दारातच उभी होती, ओढणीआड, हातात कुनाफ्याच्या मिठाईचं तबक. "एक विचारते. तुम्ही सून न्यायला आलात की खून मिटवायला?"

"सून न्यायला, उम्म लैथ. आत्ताच तसं म्हणालो."

"मग हे दहा दहा सोडणं कसलं? देवासाठी आणि पाहुण्यांसाठी आकडे सोडतात ते खुनाच्या दंडात. आमच्यातलं कुणी मेलंय का? काका, तुम्हाला काही कळलंय?"

काका जपमाळेचे मणी मोजू लागले.

"मुलगी मागितलीत, मुलगी दिली," ती पुढं म्हणाली. "काकांचा शब्द आमच्या डोक्यावर. पण वरपक्षाकडून मेहराची रक्कम बांधून घेतल्याशिवाय करकमधून मुलगी गेलीय का कधी? बिनमेहराची सून अम्मानमध्ये चालत असेल, तर तसं सांगा. आम्हाला अम्मानची चाल माहीत नाही."

झगेवाल्यांपैकी सगळ्यांनाच मुली होत्या, आणि त्यांचे मेहर साऱ्या राज्याला पाठ होते.

"मी तेच म्हणणार होतो," मिस्लेहकाका म्हणाले, आणि खाली बसले.

पाशांनी रुश्दींकडे पाहिलं.

"आमचा आकडा तर दिलेलाच आहे," रुश्दी हळूच म्हणाले. "तीनशेपासून—"

"तीनशे?" पाशांची मान फिरली. "ज्या मुलीसाठी मी या दारात पाय ठेवला तिचा मेहर तीनशे? उद्या माझ्याविषयी काय बोलतील?"

"पाशा, आपण खरेदीदार आहोत."

"गप्प बस. आपण वरपक्ष आहोत."

मग करकनं कधी न पाहिलेला सौदा झाला. पाशा चढवत होते, रुश्दी त्यांच्या झग्याला धरून खाली ओढत होते. मुलीकडचे शांतपणे कुनाफा खात होते. शेवटी नऊ हजार आत्ताचा मेहर ठरला, आणि नऊ हजार मागाहूनचा. कंपनीनं कधी हे नाव टाकलं, म्हणजे तलाक दिला, तर देण्याचा. हे शेवटचं पाशांना आपणहून सुचलं, आणि ते सुचल्याचा त्यांना फार अभिमान वाटला. रुश्दी घाम पुसत होते.

पाहुण्यांसमोर दैफल्ला पहिल्यांदा बोलला तो तेव्हा. "आधी मेहर," तो म्हणाला, "मग पाठवणी."

रुश्दींनी फोनवरून पैसे धाडले. बँकेचा निरोप आला. थंड कॉफी ओतून देऊन फिद्दानं नवी भरली, आणि पाशा प्यायले, आणि त्यांच्यामागून सगळे.

मग झग्यांचा घोळका कंप्युटरभोवती जमला. मुलगी घरातून निघताना पाहायची सगळ्यांची इच्छा होती. दैफल्लानं कंपनीचा पत्ता घातला, एकदा तपासला, आणखी एकदा तपासला, आणि बटण दाबलं.

"निघाली?" पाशांनी विचारलं.

"गेली."

"काहीच हललं नाही," मिस्लेहकाका वाकून पडद्यामागं पाहत म्हणाले.

आतून फिद्दानं लग्नघरात बायका काढतात ती जिभेची लांब किलबिल काढली. थट्टेनं काढली असावी, पण आवाज उतारावरून खाली दरीपर्यंत गेला, आणि शेजारच्या दोन घरांतून बायकांनी तिला साथ दिली. झगेवाल्यांपैकी कुणी हसलं नाही. दैफल्लानं भिंतीकडे तोंड करून चष्मा पुसला.

"पैसे मिळाले की," काका म्हणाले. "आता काय झालं?"

"पहिलीच होती, काका."

काका चपलांकडे वळले. मग थांबून ते म्हणाले, "एक मात्र ध्यानात ठेव. मेहर मुलीचा असतो, बापाचा नाही."

"मुलगी गेली अम्मानला," फिद्दा रिकामं तबक उचलत म्हणाली. "तिचं आहे ते तिच्या धाकट्या बहिणींवर खर्च होईल. वर्षाचं भाडं मी भरेन. आणि काका, जाताना वाटेत त्या सातूवाल्याला सांगा, पोती आणू नको म्हणावं. दुकानात मुली आहेत."