कापलेली जोडवी

मला कधी कोणी फसवले नाही, असे मी आयुष्यभर सांगत आलो. नारळाच्या धंद्यात माझी हयात गेली. तारकर्लीच्या बागवाल्यांनी, कट्टा गावच्या दुकानदारांनी, बंदरावरच्या दलालांनी, सगळ्यांनी प्रयत्न करून पाहिला. नारळ कानाशी हलवला की आतले खोबरे कसे असेल ते मला कळायचे, आणि समोरचा दोन वाक्ये बोलला की तो किती खाली उतरेल तेही. मला फसवले ते एकाच माणसाने, माझ्या बायकोने. तेही सलग आठ महिने, माझ्याच घरात, माझ्या डोळ्यांदेखत. तिला जाऊन बरीच वर्षे झाली, पण तो राग माझ्या मनातून गेलेला नाही.

धंदा आम्ही दोघांनी उभा केला. वडिलांकडून मला काहीच मिळाले नव्हते. सुरुवातीला नारळ डोक्यावर घेऊन आम्ही दोघे मालवणहून कट्ट्यापर्यंत चालत जायचो. ती पुढे, मी मागे. तिची चाल माझ्यापेक्षा जलद होती. पुढे बैलगाडी आली, अंगणात खोबरे वाळवायला जागा झाली, तरी ती दिवसभर उभीच असायची. नारळ फोडायचे, वाट्या उन्हात पसरायच्या, दुपारी त्या उलटायच्या, संध्याकाळी गोळा करायच्या. ती बसलेली मी फक्त जेवताना पाहिली असेल.

धंद्यातली एक गोष्ट मी तिला पहिल्या वर्षीच शिकवली होती. मालातली खोड आपल्या तोंडाने सांगायची नाही. समोरच्याने विचारले तर खोटे बोलू नये, पण त्याने विचारले नाही तर आपण गप्प राहावे. ती हसून म्हणाली होती, "बरा. गप रवाक माका येता."

एकोणीसशे साठच्या थोडे अलीकडे-पलीकडे आमच्या मुलीचे लग्न जमवायला घेतले. एकच मुलगी, आणि स्थळ चांगले चालून आले होते. आमच्या किनाऱ्यावर तेव्हा हत्तीरोग घरोघर ऐकू यायचा. ज्या घरात सुजलेला पाय, त्या घरात सोयरीक करायला लोक कचरत. मुलगी बघायला येणाऱ्या बायका मुलीच्या तोंडाआधी तिच्या आईच्या पायांकडे बघून घेत. मी घरात बजावून ठेवले होते, "पावण्यांसमोर घराची एकव खोड दिसता कामा नये."

मुलाची आत्या आली ती पायरीवरच थांबली. पाय धुवायला पाणी घेऊन माझी बायको पुढे झाली. तिचे नऊवारी एरवी घोट्याच्या वर असायचे, कामाच्या बाईचे असते तसे. त्या दिवशी ते जमिनीला टेकत होते.

आत्याने ते हेरले. "विहीणबाई, लुगडा एवढा खाली? आंगण झाडतास की काय?"

"काय करतलंय," बायको म्हणाली, "हेंनी भाव करून करून वारभर जास्तीचा आणल्यानी. नेसूचा खंय आणि कसा, ताच समजना नाय."

सगळे हसले. सगळ्यांत मोठ्याने मी हसलो. आत्याचे लक्ष तिच्या पायांवरून माझ्यावर आले आणि ती बैठकीत येऊन बसली. त्या घटकेला मला माझ्या बायकोचा अभिमान वाटला होता. काय सफाईने बोलली, म्हटले. माल खपवावा तो असा.

सोयरीक ठरली. त्यानंतरच्या महिन्यांत ती खोबऱ्याच्या वाट्या पाटावर बसून उलटू लागली. मी दोनदा टोचून बोललो. "म्हातारी झालंस काय गो? लग्न चेडवाचा आसा, तुझा नाय." ती हसायची, पाट पुढे सरकवायची आणि पुढची रांग उलटायची. ती पाट सरकवते आहे, उठत नाही आहे, हे मी बघत होतो आणि तरीही बघत नव्हतो.

लग्नाला पंधरा दिवस असताना मला तिची पायाची बोटे दिसली. जोडवी नव्हती. ती जोडवी माझ्या आईने तिच्या बोटांत घातलेली, जुनी, जाड, सांधा नसलेली. नवरा जिवंत असताना आमच्याकडची बाई जोडवी काढत नाही. माझे डोके फिरले.

"मी मरूची वाट बघतस काय गो? घो जितो आसताना जोडवी काढतस?"

"रुतत होती," ती खाली बघून म्हणाली. "धुवन ठेवलंय. आता घालतंय."

"आता म्हणजे आता. माझ्यासमोर."

तिने खोबरेल आणले. बोटांना चोळले. मी ओट्यावर उभा होतो. जोडवी चढत नव्हती. ती पाठ फिरवून बसली आणि मला फक्त तिचे खांदे हलताना दिसले. एकदा तोंडातून बारीक आवाज आला. मग ती वळली, पाय लुगड्याबाहेर काढून दाखवला आणि परत आत घेतला. मी समाधानाने बाजारात गेलो. लग्नात ती तीन दिवस त्याच जोडव्यांनिशी फिरली, पंगती वाढल्या, लेकीला वेशीपर्यंत पोचवून आली.

लेक सासरी गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तिने मला मागच्या दारी बोलावले. पायरीवर बसली आणि लुगडे गुडघ्यापर्यंत वर घेतले.

"चेडू आपल्या घराक गेला. आता बघा."

दोन्ही पाय घोट्यापासून वर पोटरीपर्यंत फुगलेले, कातडी ताणून चकाकणारी. जोडव्यांच्या दोन्ही बाजूंनी बोटांचे मांस वर आलेले आणि मधे काळेनिळे झालेले. मी नडगीवर अंगठा दाबला. अंगठा काढल्यावर तिथे खळगा राहिला. तो भरून येण्याची मी वाट बघत बसलो.

"कदीपासून?"

"गेल्या पावसापासून. ठणकतत. राती जास्ती."

"आणि माका सांगूक तुझ्या तोंडात काय नारळ कोंबललो होतो?" मी ओरडलो. शेजारच्या माडाखाली काम करणारी बाई मान वर करून बघू लागली.

तिने आवाज चढवला नाही. "तुमीच सांगलात ना, खोड आपल्या तोंडान सांगूची नाय म्हणान? आणि तुमी कदी इचारल्यात?"

त्याच दिवशी सोनाराकडून जोडवी कापून घेतली. तिला घेऊन मी सोनाराच्या दारात बैलगाडीने गेलो. कातरीचे टोक मांसात शिरत होते, पण ती हू की चू करत नव्हती. मी मात्र सोनारावर खेकसत होतो. कापलेली दोन जोडवी त्याने माझ्या हातावर ठेवली.

नंतर उपायांचा सपाटा लावला. वैद्याचे लेप झाले, एरंडाची पाने गरम करून बांधली, देवाला कौल लावला. मालवणच्या डॉक्टरने पाय उंच ठेवायला सांगितले. मग एसटीने घाट चढून कोल्हापूरला नेले. तिथे तिचे रक्त काढले, छाती तपासली, लघवी तपासली. चार दिवसांनी एका तरुण डॉक्टरने सांगितले की हत्तीरोग नाही. हृदयात दोष नाही, मूत्रपिंडातही नाही.

"मग काय आहे?"

"कळत नाही."

"नाव सांगा. काहीतरी नाव असेलच की."

"काका, मला कळत नाही, ते कळत नाही असेच सांगितले पाहिजे ना?"

मी त्याच्याशी भांडलो. नारळ न फोडता आतले सांगतो मी, आणि तुमच्याकडे एवढी यंत्रे, असे काहीबाही बोललो. खरे तर त्या पोराने आपल्या विद्येची खोड स्वतःच्या तोंडाने सांगितली होती. तसे करणारा माणूस मला तोवर भेटला नव्हता, आणि मला त्याच्याशी कसे वागावे ते कळत नव्हते.

परतीच्या गाडीत मला एक गोष्ट लागून राहिली. हत्तीरोग नव्हताच. आठ महिने तिने जे लपवले ते लपवण्यासारखे नव्हतेच. मी तिला तसे म्हणालो. ती खिडकीतून घाट बघत होती. "ता तेव्हा कोणाक ठावक होता?" एवढेच म्हणाली.

त्यानंतर ती दोन वर्षे जगली. सूज कधी उतरायची, कधी चढायची, ठणका मात्र राहायचा. मी रोज सकाळी नडगीवर अंगठा दाबून बघायचो. तिला ते आवडायचे नाही. "मी काय नारळ आसंय?" म्हणायची.

आयुष्यात तिने माझ्याकडे मागितल्याच्या गोष्टी थोड्या. त्या दोन वर्षांत एकच मागितली, कापलेली जोडवी सोनाराकडून मोठी करून आणायची. "ती जोडवी वाढवन हाडा. मोकळी करून. बोटां उघडी बरी दिसनत नाय." मग म्हणाली, "मी तुमच्याआदी गेलंय तर तशीच जावची नाय माका."

मी सोनाराकडे गेलो. त्याने जोडवी दगडावर घासून पाहिली. "तात्यानू, ही चांदी हिणकस आसा. हेच्यात जोड धरूचो नाय. वितळवन नवी करूया."

माझ्या आईच्या चांदीला हिणकस म्हणाला. चार माणसे बसली होती दुकानात. मी त्याच्या सात पिढ्या काढल्या. नव्या चांदीचे गिऱ्हाईक गाठायचे हे धंदे मला शिकवू नको, म्हणालो. जोडवी खिशात टाकली आणि निघालो. घरी येऊन सांगितले, कट्ट्याला दुसरा सोनार आहे, त्याच्याकडून करून आणतो. ती बरे म्हणाली. मग पाऊस लागला, मग नारळाचा हंगाम आला. तिने परत विचारले नाही, आणि मीही तो विषय काढला नाही.

ती गेली ती दुपारी, जेवणानंतर. सूज तोवर पोटापर्यंत आली होती. लेक तासाभरात पोचली. सवाष्ण बाई म्हणून बायकांनी तिला हिरवे लुगडे नेसवले, मळवट भरला, हातात चुडा चढवला. मग आतून आवाज आला, "जोडवी खंय आसत गो हिची?"

लेक बाहेर आली. मी कोयत्याच्या डब्यातून ती काढून दिली. तिने बघितली. दोन्ही कापलेली, तोंडे वासलेली. तिने माझ्याकडे बघितले आणि जोडवी माझ्या हातात परत देऊन आत गेली. आत कोणीतरी हळदीत दोरा बुडवला आणि तिच्या बोटांना बांधला. तिला उचलले तेव्हा मला तो दिसला. बोटे सुजलेली, त्यात पिवळा दोरा रुतलेला.

तिने सांगायला हवे होते. हे माझे म्हणणे आजही आहे. मी तिच्यासाठी घर विकले असते, आठ महिने आधी कोल्हापूरला नेले असते, लग्न मोडले असते तर मोडू दिले असते. असे मी म्हणतो खरे. पण तेव्हा लग्न मोडू दिले असते का, हे मला कोणी विचारले तर मी गप्प राहीन.

गेल्या वर्षी मी त्याच सोनाराकडे गेलो. इतक्या वर्षांत मी त्याच्या दुकानाची पायरी चढलो नव्हतो. तोही थकला होता. मी जोडवी त्याच्यापुढे ठेवली. त्याने घासून पाहिली नाही. नुसती बोटाने फिरवली.

"जोड धरतलो?" मी विचारले.

"नाय, तात्यानू. तेव्हाच सांगललंय मी." मग म्हणाला, "वितळवन नवी करूया?"

"कोणाच्या पायांत?" मी म्हणालो.

त्याने ती कागदात गुंडाळून दिली. मी घेऊन घरी आलो.