आरपार बोल्ट

आज लेकीच्या घरी ड्रिल फिरलं. विटेच्या भुकटीचा वास आला आणि मी सोनपेठच्या त्या दुपारी जाऊन पोचले.

वाटणीत आम्हाला एकच खोली आली होती. मला मिक्सर दुरुस्तीचं काम करायचं होतं, पण टेबल ठेवलं तर झोपायचं कुठं? म्हणून भिंतीला मिटती फळी लावायचं ठरवलं. मातीत रचलेल्या विटा, स्क्रू धरेना. बोल्ट आरपार घालून पलीकडून नट आवळायला हवा होता. पलीकडे थोरले दीर राहायचे. "बाईमाणसानं भिंतीला हात लावायचा न्हाई," असं त्यांनी बजावलेलं. दोन्ही घरांचं बोलणंही बंद.

ते बाजाराला गेल्यावर मी भोक पाडलं. आता नट कोण लावणार, या विचारात होते, तोच भोकातून जाऊबाईंचा आवाज आला, "नट आन् पाना खिडकीतून दे. मी आवळते."

संध्याकाळी दीर ओरडले, "हा बोल्ट काढा आत्ताच्या आत्ता!"

"काढत न्हाई," मी फळीवर मिक्सर ठेवत म्हणाले.

पलीकडून जाऊबाई शांतपणे बोलल्या, "मीच आवळलाय. तुमच्यानं निघत असंल तर काढा."

फळी कधीच निघाली नाही. त्यावर मी लेक शिकवली. कितीतरी वर्षं मी माझीच हिंमत मिरवत राहिले. पण मी भिंतीच्या अलीकडे होते. जाऊबाईंना ते बोलून झाल्यावर त्याच माणसाला ताट वाढायचं होतं.