आंबिवलीच्या दादांचं तीर्थ

पोलीस खात्यातून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण त्या प्रकरणातली माणसं अजून डोळ्यांसमोरून हलत नाहीत.

तेव्हा माझी नेमणूक कल्याणला होती. आंबिवली स्टेशनपासून थोडं आत, गावातल्या एका जमीनदार कुटुंबाने दिलेल्या जागेवर पत्र्याची शेड होती. तिथे ‘दादा’ बसायचे. हा माणूस आधी वागळे इस्टेटमधल्या कारखान्यात फिटर. कारखाना बंद पडला आणि तो तीर्थ द्यायला लागला. सुरुवातीला दहा-बारा माणसं जमायची. पुढे इतकी गर्दी व्हायला लागली की आम्हाला बंदोबस्त लावावा लागला. खरं सांगतो, मला तिथे बरं वाटायचं. बायका भजनं सुरेख म्हणायच्या. कित्येकांची दारू सुटली होती. तिथली खिचडी मीही उभ्या उभ्या खाल्ली आहे.

खबर आणली ती एका औषध दुकानदाराने.

“साहेब, माझी चार इन्सुलिनवाली गिऱ्हाइकं एकदम बंद झाली. एका काकूंना विचारलं, तर म्हणाल्या, दादांनी सुई सोडायला सांगितली.”

मी स्टेशन डायरीत नोंद केली आणि म्हटलं, उद्या जाऊ. ही माझी चूक.

दुसऱ्या दिवशी दुपारी पोचलो, तर त्याच काकू शेडमध्ये चटईवर बेशुद्ध पडलेल्या. शाळेतून निवृत्त झालेले त्यांचे यजमान चमच्याने तीर्थ पाजत होते. आम्ही काकूंना जीपमध्ये घालून रुग्णालयात नेलं. संध्याकाळी काकू गेल्या.

अकस्मात मृत्यूची नोंद झाली. मास्तर जबाब देईनात. “तिची श्रद्धा होती. यात दादांचा काय दोष?” दादाही शांत. “मी कुणाला काही सांगत नाही, साहेब. लोक आपल्या मनाने सोडतात.” दोन दिवस तेच उत्तर. बाकीचे भक्त गप्प. अखेर सरकारतर्फे फिर्याद देऊन दादांना अटक केली, पण साक्षीदाराशिवाय हे टिकणार नाही, हे मला कळत होतं.

अटकेचा फॉर्म भरायचं काम चालू असताना मास्तर पोलीस ठाण्यात आले. हातात दादांसाठी जेवणाचा डबा. मी त्यांना बाकावर बसवलं. हवालदाराने दादांना नेहमीचा प्रश्न विचारला, “काही आजार? औषधं चालू आहेत?”

दादा सवयीने बोलून गेले, “शुगर आहे. सकाळ-संध्याकाळ गोळी लागते. आजची राहिलीय, बघा जरा.”

मास्तर उठले. “दादा, तुम्ही गोळी घेता?”

मास्तरांनी डबा बाकावर ठेवला.

“ती सुईसाठी रडली हो. मी नाही म्हटलं. तुमच्या शब्दावर.” मग माझ्याकडे वळून म्हणाले, “साहेब, लिहून घ्या. आणि माझीही चूक त्यात लिहा.”

त्या जबाबानंतर बाकीचे बोलू लागले. सुई सोडलेले तिघं उपचारांवर परतले. जमीनमालकाने स्वतः उभं राहून शेड उतरवली. दादांना शिक्षा झाली. चौकशीत माझा आवाज जे काढू शकला नाही, ते फॉर्मवरच्या एका साध्या रकान्याने काढलं. त्यानंतर कुठलीही खबर मी किरकोळ मानली नाही.

काही वर्षांनी नौपाड्यात मास्तर भेटले. आम्ही चहा घेतला. कप खाली ठेवून ते म्हणाले, “माणूस खोटा निघाला, साहेब. पण दोन दिवस गेलो नाही, तर तिथे कुणीतरी विचारायचं, बरे आहात ना? आमच्या बिल्डिंगमध्ये कोणी विचारत नाही.”

गुन्हेगार पकडायला मी नोकरीत शिकलो. माणसं त्याच्या दारी का जातात, हे मला त्या चहाच्या टेबलावर कळलं.