कुंकू लागलेलं सपाट भिंग

स्वारगेटहून एस.टी. सुटली तेव्हा माझ्या मांडीवर एक डबा होता आणि तो वर रॅकवर ठेवायला मी साफ नकार दिला होता.

"काय हाय त्यात?" कंडक्टरांनी विचारलं.

"भिंग." मी झाकण उघडून बिस्किटाएवढी गोल काच दाखवली.

"ही तर सपाट हाय. भिंगाला पोट असतंय की."

बोलणं रास्त होतं, पण या काचेला पोटाची गरजच नाही. तिच्या एका बाजूवर केसाहून कितीतरी बारीक खांबांची नक्षी आहे. ती लेझरचा उजेड कडांकडून किंचित आत वळवते आणि चहूबाजूंनी आलेला तो उजेड मधल्या रेषेवर भेटत भेटत पुढे जातो. साधा बारीक झोत थोड्या अंतरातच पसरतो, हा सुईसारखा बारीक राहतो. "मधे काही आडवं आलं तरी पुढे जाऊन पुन्हा जुळतो," असंही मी ऐकवलं. स्वतःच्या कामाबद्दल बोलायला लागले की मला आवर घालता येत नाही. कंडक्टर "बरं बरं" म्हणून पुढच्या सीटकडे वळले.

हे सगळं गणितानं सिद्ध होतं. डोळ्यांनी दाखवायला शंभर फुटांची बंद, अंधारी जागा हवी होती आणि आमच्या प्रयोगशाळेतली सगळ्यात लांब खोली त्याच्या निम्मीही नव्हती. सरांनी स्पष्ट सांगितलं होतं, सोमवारी निकाल दाखव, नाहीतर लांब पल्ल्याचं काम थांबवून दुसऱ्या विषयाला लाग. काच एकच होती. तिच्यात माझं अख्खं वर्ष गेलं होतं.

जागा सापडली ती मैत्रिणीच्या मामांकडे, इंदापूरच्या अलीकडे. या मामांचं, म्हणजे आबांचं, कोंबड्यांचं शेड लांबलचक आहे. जुनी बॅच विकून झाली होती आणि नवी पिल्लं दुसऱ्या दिवशी सकाळी येणार होती. तेवढ्यात माझं काम उरकायचं होतं.

बारामतीच्या स्टँडवर मिसळ खाऊन मी गाडी बदलली. कारखान्यांचा हंगाम भरात होता. उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर पुढे आला की आमची गाडी मागे रांगायची, आणि ट्रॅक्टरवरची गाणी आम्हाला फुकटात ऐकायला मिळायची. दोन्ही अंगांना ऊस, मधेच डाळिंबाची बाग, मग पुन्हा ऊस. फाट्यावर आबा मोटारसायकल घेऊन उभे होते.

"ह्योच का डबा?" ते म्हणाले. "मग सावकाश जाऊ."

शेड चुना मारून पांढरंशुभ्र केलेलं होतं. आबांनी बाजूचे ताडपत्रीचे पडदे सोडले आणि भर दुपारी आत अंधार झाला. एका टोकाला टेबल मांडून मी लेझर आणि काच बसवली, सगळं सरळ रेषेत आणलं आणि जेवायला गेले. मामींनी चिलापीचा (उजनीच्या पाण्यातला मासा) झणझणीत रस्सा आणि बाजरीची भाकरी वाढली. मी दोनदा रस्सा मागून घेतला. हात धुऊन परत येते तो मामी हळदीकुंकवाचं ताट घेऊन शेडमधून बाहेर येत होत्या.

मी धावतच निघाले. आत जाऊन पाहिलं तर काचेच्या ऐन मध्यावर बोटाच्या टोकाएवढं कुंकू. तेही नक्षीच्या बाजूला.

"नवी वस्तू लावली की आमी कुंकू लावतो," मामी म्हणाल्या. "मोटारीला लावलं, कडबाकुट्टीला लावलं. हिलाच कशाला वगळायचं?"

"पुसून घिऊ की," म्हणत आबांनी खांद्यावरचा टॉवेल काढला.

"हात लावू नका," मी ओरडलेच. पुसलं असतं तर होते नव्हते ते खांबही मोडले असते. मग मी मामींना नको तेवढं बोलले. वर्षाची मेहनत मातीत घातली, इथपर्यंत. त्यांनी हातातलं ताट पदराखाली झाकून घेतलं. मला रडू फुटलं.

डोळे पुसताना सकाळची माझीच फुशारकी आठवली. काही आडवं आलं तरी पुन्हा जुळतो, असं मीच ऐकवलं होतं ना? कुंकू मध्यावर होतं, कडा स्वच्छ होत्या. मी लेझर लावला.

"मामी, ते ताट ठेवा आणि हा कागद धरून माझ्याबरोबर चला. उजेडाकडे मात्र बघू नका."

मामींनी पांढरा कागद झोतात धरला. काचेजवळ मधोमध काळा डाग होता. आम्ही पुढे सरकलो, डाग बारीक होत गेला. शेडचा पाव भाग ओलांडला आणि कागदाच्या मधोमध लाल ठिपका उमटला. ज्वारीच्या दाण्याहूनही बारीक, भोवती बांगड्यांसारखी वलयं. पलीकडच्या भिंतीपर्यंत तो तेवढाच राहिला. मला पुन्हा रडू आलं, पण हे निराळं.

"मग माझं कुंकू गेलं कुठं?" मामींनी विचारलं.

"तिथंच आहे. उजेड त्याच्या बाजूनं आला."

मी त्यांची माफी मागितली. "आसू दे. आदी च्या घे," त्या म्हणाल्या. मी आल्यापासूनचं त्यांचं 'तुमी' तिथं संपलं. अंधार पडायच्या आत मोजमापं आणि फोटो घेऊन झाले.

सोमवारी सरांनी काच दिव्यासमोर धरली. "अडथळा मुद्दाम ठेवलास? छान केलंस."

हो म्हणायचा मोह झाला. "मुद्दाम नाही, सर. माझ्या मामींनी कुंकू लावलं," मी म्हणाले.

सरांनी फोटो काचेशेजारी मांडून एकेक तपासले. मग म्हणाले, "मोठी काच करायला घे. याहून लांब जागा मिळेल का तिकडे?"

प्रवासाला निघताना मला माझ्या झोताची खात्री होती. पण ती तोंडची होती. खरी झाली ती त्या शेडमध्ये, कुंकवाच्या पलीकडे.

संध्याकाळी मी फोन केला. मागे पिल्लांचा चिवचिवाट चालला होता. नवी, मोठी काच घेऊन पुन्हा येणार म्हटल्यावर मामी म्हणाल्या, "ये की. पर ह्या टायमाला आदी सांग, कुंकू कुठल्या अंगाला लावायचं."